जांबाश कोणापुढे गेला

अहो,

चहा किटलीत आहे, तळलेले बोरसोक कापडाखाली. आईंना गोळी काही खाल्ल्यावरच द्या, उपाशीपोटी नको. मी सातच्या गाडीने नारीनला मोठ्या काकांकडे जातेय. काल आईंच्या सत्तरीच्या जेवणातून ते न जेवता उठून गेले. त्यांच्या मानाचा जांबाश, कमरेच्या हाडाचा मांसाचा तुकडा, धाकट्या काकांपुढे ठेवला गेला होता. आता ते मांस मीच नेऊन देते.

ग्रुपवर खापर माझ्या डोक्यावर फोडून झालंय. मॉस्कोहून तुमच्या जिबेकने लिहिलं, "वहिनीला आपली रीत कधी कळायची?" खाली सतरा अंगठे. त्यात तुमचाही.

कोणाला कुठलं हाड, तो तक्ता फोनवर मी केला, खरंय. पण बदलता सगळ्यांनाच येत होता. आता त्यात मोठ्या काकांचं नाव सरळ लिहिलेलं आहे. अकरा वर्षांत सासरच्या वडीलधाऱ्यांचं नाव मी तोंडाने घेतलं नाही आणि बोटाने लिहिलंही नाही. माझ्याकडे ते 'उंच घोडेवाले' होते. एवढं एकाच्याही ध्यानात येऊ नये?

कोणी कधी काय बदललं, ते तक्ता जपून ठेवतो. परवा दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी, तुमच्या फोनवरून. खरी नावं घालताना ओळी खालीवर झाल्या असतील. मी कोणाला दाखवलेलं नाही.

काकांना सांगेन, चूक माझीच. त्यांनाही तेच ऐकायची सवय आहे.

चारपर्यंत परत येते. तोवर ग्रुपवर काही लिहायचं धाडस झालं नाही, तर निदान तो अंगठा तरी काढा.

तुर्सुनाय