मी माशा मारत नाही, मामा

सेगेद,
सप्टेंबरचा शेवटचा रविवार

तीर्थस्वरूप बोल्दिझार मामांना भाची एमोकेचा, लांबून का होईना, अगदी कमरेत वाकून नमस्कार.

गुडघा कसा आहे? वाइनच्या तळघराच्या पायऱ्या उतरताना तो कुरकुरतो असं आईने कळवलं. (गुडघ्यापेक्षा तुम्हीच जास्त कुरकुरता, असंही तिने कळवलं. मी फक्त निरोप पोहोचवते आहे.) मामींना माझा नमस्कार सांगा. तुमच्या हायोशला यंदा काळी द्राक्षं चांगली धरली आहेत हे ऐकून जीव भांड्यात पडला, कारण द्राक्षं बिघडली की तुम्ही बिघडता, आणि मग नाताळात कुणाला जेवण गोड लागत नाही.

पत्राचं कारण असं. मे महिन्यात आपल्या बोर्बालाच्या लग्नात तुम्ही पेला उंचावून, दोन्हीकडच्या वऱ्हाडासमोर म्हणालात, "ही आमची एमोके. एवढी शिकली, आणि आता विद्यापीठात बसून माशा मारते!" नवरदेवाची आजी हसता हसता खुर्चीवरून घसरली. माझ्या तोंडात तेव्हा खिमा भरलेल्या कोबीचा अख्खा गोळा होता. तो आता गिळून झाला आहे. तर मामा, मी माशा मारत नाही, पाळते. फळांवर घोंघावणाऱ्या त्या चिमुकल्या माशांना मक्याच्या पिठाची पेज शिजवून भरवते, त्यांना सर्दी-पडसं होऊ नये म्हणून ऊबदार कपाटात ठेवते, आणि त्यांच्या बाळंतपणासाठी ईस्टरची सुट्टी सोडते. (अळ्यांचं पुढे काय होतं ते मामींना सांगू नका. त्या हळव्या आहेत.)

आता मी नेमकं काय करते ते ऐका. माशीच्या अळीच्या स्नायूवर मेंदूकडची एक नस येऊन टेकते. टेकते तिथे तिला मण्यांसारख्या गाठी असतात, आणि त्या गाठींवर शेकडो बारीक जागा. वरून 'आवळ' असा निरोप आला की त्या जागांतून रसायनाचा इवलासा थेंब स्नायूवर सुटतो. थेंब पडेल तिथे प्रकाश चमकावा, अशा अळ्यांची एक जात आमच्याकडे आहे. आमच्या इमारतीत समजूत अशी, की नस एक, निरोप एक, म्हणजे सगळ्या जागा सारख्याच वागणार. मामा, कसल्या सारख्या! एक जागा जवळजवळ प्रत्येक निरोपाला थेंब सोडते. तिला अगदी खेटून असलेली दुसरी दहा निरोपांत एखाद्या वेळी सोडते. तिसरी तर ढिम्म. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ट्रॉलीबसमध्ये अनोळखी बाईला सांगत सुटले. ती पुढच्या थांब्यावर उतरली.

आमचे प्राध्यापक तार्नोत्सी मात्र म्हणाले, "एमोकेबाई, तुमचं टेबल हलतंय." झालं! अख्खा उन्हाळा मी टेबलामागे घालवला. सूक्ष्मदर्शकाखाली सायकलच्या फुगवलेल्या ट्यूब घातल्या. (त्यातली एक फुटली, आणि खालच्या मजल्यावरच्यांनी पोलिसांना फोन केला.) माझा सहकारी चोंगोर काम करताना गुणगुणतो, तर त्याचंही गुणगुणणं बंद केलं. तो आठवडाभर माझ्याशी बोलला नाही, आणि मला आणखी शांतता मिळाली. तरी त्या जागा आपल्या त्याच. बोलक्या त्या बोलक्या, मुक्या त्या मुक्या.

शेवटी प्राध्यापकांनी पैजच लावली. एका अळीचं चित्रण पाहून ते बोलक्या जागांवर खुणा करणार, त्या खुणा मला दाखवणार नाहीत, आणि जेवणानंतर त्याच अळीचं पुन्हा चित्रण करायचं. त्याच जागा पुन्हा चमकल्या तर मी जिंकले, नाहीतर दोन वर्षांचं काम बासनात. "आणि मग तुम्ही दुसरा विषय घ्यायचा," ते म्हणाले. आता उघडून ठेवलेली अळी काही दिवसभर टिकत नाही. प्राध्यापक आणि चोंगोर शेजारच्या खोलीत लाल मिरचीतलं माशाचं कालवण (मासा, मामा, माशी नव्हे) भुरकत होते, आणि मी उपाशीपोटी मीठपाणी बदलत अळीला विनवत होते, "एवढा तासभर दम धर गं बाई." बघते तो तिची हालचाल मंदावलेली. घाबरून प्राध्यापकांना बोलवायला धावले, तर कोपराचा धक्का लागून माशांची एक बाटली उलटी झाली, आणि माझ्याआधी माशाच जेवणाच्या टेबलावर पोहोचल्या. पाच-सहा थेट प्राध्यापकांच्या कालवणात. चोंगोरने स्वतःचा वाडगा हाताने झाकला. प्राध्यापकांनी चमच्यात एक वर काढली, चष्म्यातून नीट पाहिली आणि म्हणाले, "यातल्या बोलक्या कोणत्या?"

मी म्हटलं, "सर, आधी चला. ती मरते आहे."

आले. गळ्यातला रुमालसुद्धा काढला नाही. पहिला निरोप दिला. एक जागा चमकली. दुसरा दिला, पुन्हा तीच. तिची शेजारीण गप्प. प्राध्यापक स्वतःचा कागद पाहत, पडदा पाहत, परत कागद. "अजून एकदा," म्हणाले. मग "अजून एकदा." शेवटी त्यांनी चष्मा काढला. "तीस वर्षं मी सगळ्यांची सरासरी काढत बसलो," ते म्हणाले, "आणि सरासरीत यातली एकही दिसत नाही." आणि ताडकन उठून व्हरांड्यात जाऊन ओरडले, "या रे सगळे! डॉक्टर बेनेदेक यांनी काय दाखवलंय ते बघा!"

डॉक्टर बेनेदेक म्हणजे मी, मामा. लोक रांगेने आले. अळीनेही शेवटचा माणूस पाहून जाईपर्यंत दम धरला. (परदेशात काही जणांनी असं आधी पाहिलं आहे, हे मी कबूल करते. पण तिकडे कालवणात माशा नव्हत्या.) कॅल्शियम आत आलं की थेंब सुटतो; जुन्या जागांवर ते आत घेणारी दारं जास्त असतात, नव्या जागांवर ती अजून बसायची असतात, म्हणून हा फरक, असं माझं म्हणणं आहे, आणि आता ते ऐकून घेतात. नंतर मी प्रसाधनगृहात जाऊन नळ सोडला आणि पोटभर रडले, मग आरशासमोर एक गिरकी घेतली. तेव्हा पुढच्या लग्नात माझी ओळख जरा नीट करून द्यावी, एवढंच मागणं.

आपली, सकारण ताठ मानेची,
एमोके

ता. क. आणखी एक बारीकशी गोष्ट. प्राध्यापक म्हणतात, "बाटलीत वाढलेल्या माशा लाडावलेल्या. रानच्या माशांत दाखवा." रानच्या माशांची आमच्या चमकणाऱ्यांशी सोयरीक लावून त्यांची पोरं तपासायची आहेत. भरपूर माशा कुठे मिळतील असं त्यांनी विचारलं, आणि माझ्या तोंडून तुमच्या तळघराचं नाव निघून गेलं. तरी यंदा व्हिनेगरचे सापळे लावू नका. पिळलेल्या द्राक्षांचा चोथा दारातच राहू द्या, आणि मामींच्या हातून झाडू काढून घ्या.

ता. ता. क. प्राध्यापक, चोंगोर आणि मी, असे आम्ही तिघं शनिवारी येतो. तुम्ही ही जात विज्ञानासाठी मुद्दाम जतन केली आहे, असं मी प्राध्यापकांना सांगितलं आहे. ते आभाराचं भाषण करतील तेव्हा फक्त मान डोलवा.

ता. ता. ता. क. नियमाप्रमाणे या माशांना गावाचं आणि मालकाचं नाव मिळेल: 'हायोश-बोल्दिझार'. तुमचं तळघर आता देशोदेशी माशांसाठी ओळखलं जाणार, मामा. वाइनचा उल्लेख मात्र कुठेही येणार नाही, याची मी जातीने काळजी घेतली आहे.