विहिरीवरची जाळी

मामा, तुमच्या लेकीला पोहता येतं हे तुम्ही मला का सांगितलं नाहीत? तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली आणि मी आता भांडायला बसलोय, हे बरं दिसत नाही, मला कळतं. पण दुकानदारीत माझा जन्म गेला. मालाची खोट लपवणारे मी रोज बघतो, त्यांचा मला राग येत नाही, तो धंदाच आहे. मालाचा गुण लपवून माल देणारा माणूस मात्र मी एकच बघितला, तो म्हणजे माझा सासरा. (बायकोला माल म्हटलं हे तिनं वाचलं तर मी आज ओट्यावर झोपेन.) तरी तुमचं एक वेळ सोडून देतो. तिनंही मला सांगितलं नाही, ते जास्त लागलंय. पोरं मोठी झाली, केस पांढरे झाले, आणि बायकोला ज्याच्यापुढं तोंड उघडता येऊ नये असा मी कोणता नवरा होतो, हे अंदमानात त्या दिवशी ती पाण्याबाहेर येईपर्यंत माझ्या डोक्यात घोळत होतं.

अंदमानला आमच्या पुण्यातल्या पोरीनं पाठवलं. मी नाही म्हणत होतो. तिनं ऐकलं नाही, तिकिटं काढली आणि सकाळी उठल्यापासून झोपेपर्यंत कुठं काय बघायचं, सगळं आखून दिलं. दोन दिवस आम्ही शाळेतल्या पोरांसारखे रांगेत उभे राहिलो. तिसऱ्या दिवशी पलीकडच्या बेटावर जायचं होतं, तर बोटीचं इंजिनच बसलं. गाडीवाला पोरगा हात झटकत म्हणाला, "आज कुछ नहीं होगा साहब. आराम करो." आराम! जळगावात मी पंपदुरुस्तीच्या दुकानाला कुलूप लावतो ते दिवाळीच्या पाडव्याला, आणि तेव्हाही कुणीतरी शेतकरी मोटर घेऊन घरी येतोच. फोनवर नुसता पंपाचा आवाज ऐकून कुठं हवा धरतेय ते मी सांगतो, म्हणून लांब लांबून माणसं येतात. आम्ही होतो त्या किनाऱ्यावर फोनलाच रेंज नव्हती. मग आम्ही दोघं वाळूत एका वाकड्या झाडाखाली जाऊन बसलो. तुमची लेक उशाला चपला घेऊन सरळ झोपली. मी ऐकत बसलो. समुद्र हवा धरलेल्या पंपासारखा ओढतो, सोडतो, ओढतो, सोडतो. दुरुस्त करायला काहीच नाही. थोड्या वेळानं माझे खांदे खाली आले, तेव्हा कळलं की ते आजवर वर होते.

ती उठली, शहाळ्यातली मलई खाल्ली आणि विचारलं, "आज काय काय बघायचंय?"

"काहीच नाही."

"काहीच नाही?" तिचा तो आवाज मी ओळखला नाही, मामा. मी आवाज ओळखणारा माणूस, पण हा आवाज माझ्याकडं कधी आलाच नव्हता. गुरुजी आले नाहीत म्हणून शाळा सुटावी तसा. तिनं ओढणी कमरेला गच्च बांधली आणि पाण्याकडं चालू लागली. घोटे, गुडघे, कंबर. मी उठून ओरडायला लागलो.

का ओरडलो ते सांगतो. लग्नानंतर पहिल्यांदा तुमच्याकडं चोपड्याला जेवायला आलो होतो. मी पाटावर, मामी चुलीशी, भाकरी थापता थापता कौतुकानं बोलतायत, "जावाई, आमनी पोर तं इहिरमा..." आणि विहिरीचं नाव निघताच तुम्ही खोकलात. साधं खोकणं नव्हतं ते, दार लोटल्यासारखं होतं. मामींनी वाक्य तिथंच सोडून भाकरी उलटली. तुमच्या लेकीनं मान खाली घातली. जेवण झाल्यावर मी मळ्यात विहिरीकडं निघालो, तर तुम्ही मागून हाका मारल्यात, "तठे काय शे? चला, च्या थंडा व्हई राह्यना." तरी मी लांबून बघितलं, विहिरीवर नवीकोरी लोखंडी जाळी. झालं. माझ्या तीक्ष्ण कानांनी आणि त्याहून तीक्ष्ण डोक्यानं हिशेब केला: या विहिरीत घरातलं कुणीतरी गेलेलं आहे. बहुतेक हिची बहीण. दुसऱ्याच्या दुःखात हात घालू नये, एवढी अक्कल गरिबीनं मला दिली होती. मी विचारलं नाही. नंतर मित्र कोकणात निघाले, मी कामाचं निमित्त काढलं. पोरांनी गोव्याचा हट्ट धरला, मी त्यांना माउंट आबू दाखवलं. पाण्याचा विषय निघाला की मी तो हळूच दुसरीकडं वळवत आलो. पाण्याच्या पंपांवर पोट भरणारा माणूस, बायकोला पाण्यापासून लांब ठेवत आला.

आणि ती त्या हिरव्या पाण्यात आडवी होते. डोकं आत जातं. मी वाळूत चपला सोडून ओरडत धावतोय. शहाळीवाला म्हातारा मागून म्हणतो, "बाबूजी, चिल्लाते क्यों हो? मैडम तो मछली है." तेव्हा मी नीट बघतो. एक हात पुढं, मग दुसरा. घाई नाही, शिंतोडे नाहीत. नांगरलेल्या बोटीपर्यंत जाते, तिला हात लावते आणि उताणी होऊन तरंगत आभाळाकडं बघत पडून राहते. माझी बायको. भाजीवाल्याशी कोथिंबिरीच्या काडीसाठी भांडणारी.

बाहेर आली तेव्हा मी विचारलं, "हे कधी?"

"आबांनी शिकवलं. पाठीला तेलाचा रिकामा डबा बांधून. म्हणायचे, इहिरवर काम करणाऱ्या पोरीला पोहता आलंच पाहिजे. मग गावात बाया बोलायला लागल्या, पोर इहिरमा उड्या मारस, हिले कोन करी? तुमचं स्थळ आलं आणि आबांनी शपथ घातली, सासरी बोलायचं नाही."

"आणि ती जाळी?"

"माझ्यासाठीच. माहेरी आले की मोह व्हायला नको म्हणून." हसली. ओले केस पिळत होती.

"अगं, पण आबांना जाऊन किती काळ झाला. मला तरी सांगायचंस."

तिनं माझ्याकडं बघितलं, सांगू की नको असं. मग म्हणाली, "पाण्याचं नाव काढलं की तुमचा चेहरा बदलायचा. मला वाटलं, तुमच्या घरातलं कुणीतरी तुमच्या गावी, धुळ्याला पांझरा नदीत बुडालेलं असेल. तुम्हाला त्रास नको म्हणून मी विषयच काढला नाही."

मामा, आमच्या घरात कुणी बुडालेलं नाही. तुमच्याही नाही. न मेलेल्या माणसांचं सुतक आम्ही दोघांनी एकमेकांपासून लपवून, एकमेकांसाठी पाळलं. मी हे सांगितलं तेव्हा ती वाळूत बसून इतकी हसली की शहाळीवाला बघायला आला. मग माझा हात धरून म्हणाली, "चला आता. काय घाबरता? गुडघाभर तं पानी शे." मी पँट वर दुमडून गेलो. पुढं काय झालं ते जावयाच्या अब्रूचा प्रश्न असल्यामुळं सांगत नाही. संध्याकाळी आम्ही नुसता भात आणि मासा खाल्ला, आणि पोरीचा फोन लागला तेव्हा "काय काय बघितलं?" या प्रश्नाला दोघंही एकदम म्हणालो, "काहीच नाही."

आता ती सकाळी बायकांच्या वेळेला पोहण्याच्या तलावावर जाते. पिंप्राळ्यातल्या घरून मी स्कूटरवर सोडतो, भिंतीबाहेर चहा पीत थांबतो. आत दहाजणी असल्या तरी तिच्या हाताचा पाण्यावरचा आवाज मला वेगळा ऐकू येतो. तुमच्यावर रागावलो होतो, तो राग लिहिता लिहिता गेला. माणूस पोरीसाठी घाबरतो. मलाही एक पोरगी आहे.

पत्र कुठं टाकायचं, हा प्रश्नच नाही. पण एक गोष्ट तिला अजून सांगितलेली नाही, तुम्हाला सांगतो. पुरुषांच्या वेळेला मीही नाव घातलंय. सोमवारपासून. पोहायची चड्डी दुकानात, वॉशरच्या खोक्यामागं ठेवली आहे. आणि मामा, मला फार भीती वाटते आहे.