पाहुण्यांचं पाणी

वसई, शनिवार, २ मे १९९८

प्रिय वसुताई,

आधी हे वाच, मग चहा घे. सोमवारी तू त्या पाण्याच्या समितीपुढे सांगणार आहेस ना, की आपल्या पट्ट्यातल्या विहिरी अजून गोड आहेत? ते सांगू नकोस. फोन लावून थकलो. तुझ्या वसतिगृहातला शिपाई म्हणतो, मॅडम अहवाल लिहितायत, बोलवायचं नाही. म्हणून हा कागद. समोर वॉल्टर टेम्पोत केळी चढवतोय, उद्या दादरला माल टाकून तुझ्याकडे येईल. सारखा "झालं का रे तुझं?" करतोय, तेव्हा अक्षर सांभाळून घे.

मी परवा चांदीपहून आलो. एकाचा पंप दुरुस्त करायला गेलो होतो, पंप राहिला बाजूला, खेकडे पकडत बसलो, ते असो. येताना क्लेमेंटीन मावशीकडे टेकलो. गप्पा तुझ्याच. लहानपणी तू तिच्या ओट्यावर एका बाजूनं घासलेले चिंचोके उडवायचीस आणि किती पांढरे पडले ते कोळशाने फरशीवर लिहायचीस, ती पुसून पुसून वैतागायची. बाबांना तुला बँकेत चिकटवायचं होतं, तू कलकत्त्याला संख्याशास्त्र शिकायला गेलीस. तिथं पहिला निबंध वाचलास तेव्हा कुणीसं विचारलं होतं ना, आकडेमोड कुणाकडून करून घेतली म्हणून? मावशी अजून त्या माणसाला शिव्या घालते. त्याला बघितलंही नाही तिनं.

तर तिनं पाणी दिलं, गोड होतं. मग मी विहिरीवर पाय धुवायला गेलो, सहज चूळ भरली आणि थुंकलो. खारट, ताई! नुसतं मीठ. मावशीला विचारलं, तर म्हणते, "अरे, तुझ्या बहिणीची कॉलेजची पोरं उन्हातशी आली, बाटली पुढं केली. पाहुण्याला खारं पानी देऊ मी? मडक्यातलं भरून दिलं." मडक्यातलं पाणी चर्चमागच्या विहिरीचं, रोज डोक्यावरून आणते ती.

मग मला चैन पडेना. काल घरोघर फिरलो. जिथं जावं तिथं हाच प्रकार. सीमावहिनी तर हसायला लागली, "वसूच्या माणसांपुढं घराची लाज काढू होय?" पोरांना कुणी विहिरीशी जाऊच दिलं नाही, बसवलं, सरबत पाजलं, बाटल्या आतून भरून आणल्या. कुठल्या विहिरींचं पाणी घ्यायचं, त्या चिठ्ठ्या तू किती काळजीनं काढल्या होत्यास! आणि तुझ्या हाती चर्चमागची एकच विहीर पुन्हा पुन्हा आली.

दहावीला गटांगळी खाल्लेल्या माणसानं तुला हे सांगावं म्हणजे कमालच, पण सांगतो. अहवाल दिलास तर आपलं पाणी उपसून विकणाऱ्या टँकरवाल्यांना रान मोकळं. अजून पंप बसतील, अजून उपसा होईल, समुद्राचं खारं पाणी अजून आत शिरेल. मागे घेतलास तर म्हणतील, बाई वसईचीच, आकडे मनासारखे आले नाहीत म्हणून फिरवले. इतकी वर्षं तुझ्या आकड्याला कुणी बोट लावलं नाही. काय करशील मला कळत नाही. मुदत माग. पोरांना परत पाठव, मी बरोबर फिरतो, प्रत्येक विहिरीत पोहरा त्यांच्याच हातानं सोडायला लावतो. माझ्यावर विश्वास ठेवायला सांगत नाही, पोरांवर ठेव.

मी स्वतःच तुझ्याकडे आलो असतो, वॉल्टरच्या शेजारी बसून. पण घर सोडता येत नाही. चिठ्ठीत आपलीही विहीर निघाली होती. ती दिवाळीपासून खारी झालीय, ताई, मला वाटायचं आपलीच तेवढी. पानवेली गेल्या. आईनं मला शपथ घातली होती, वसूला कळता कामा नये, ती सगळं टाकून येईल. डॉक्टरांनी आईचं मीठ बंद केलंय, पायांवर सूज आहे, चर्चपर्यंत तिला चालवत नाही, म्हणून ती तेच पाणी उकळून पिते. तुझी पोरं आली त्या दिवशी मात्र कशीबशी जाऊन मावशीकडून तांब्याभर गोड पाणी मागून आणलं. बाटली भरली, आणि त्यातलं एक घोटभरही स्वतः प्यायली नाही. ये म्हणून लिहीत नाहीये. तू तिथं उभी राहून खरं काय ते सांग. हंडा आता मी आणतो.

तुझाच, या खेपेला घरीच असलेला,
संकेत