पॉलीहाऊसचं पाणी

आई, तू गेलीस त्याला बारा वर्षं झाली. आपल्या खाचरांच्या वरच्या अंगाला पुण्याच्या एका साहेबांनी जमीन घेऊन गुलाबाची पॉलीहाऊस टाकली आहेत. मी तिथं सुपरवायझर आहे. फुलं हॉलंडला जातात. पेटीत एक किडा सापडला तरी तिकडं सगळा माल नाकारतात, म्हणून सारखी फवारणी. कुठलं औषध कधी मारायचं ते मी ठरवते. पंप धुतलेलं पाणी ओढ्यात जायचं.

मी लहान असताना औषधाचा रिकामा डबा ओढ्यात विसळत होते. तू धावत येऊन पाठीत धपाटा घातलास. "खाली बाया पाणी भरत्यात, कळंना का तुला?" डबा तू बांधाजवळ पुरलास आणि संध्याकाळपर्यंत माझ्याशी बोलली नाहीस.

फवारणीबद्दल आणि या पाण्याबद्दल साहेबांशी मी बोलले, आई. ते रागावले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "ताई, पटतं मला. पण फवारणी थांबवली तर हॉलंडवाले केनियाहून फुलं घेतील. मग इथं कामाला येणाऱ्या बायकांना काय सांगू?" त्यांच्यातली, औषधानं हातावर पुरळ उठलेली एक बाईच मला म्हणाली, "काम बंद पाडू नगंस, बाई." माझ्या ह्यांना भरे गावच्या कारखान्यातून कामावरून कमी केलंय, घर माझ्या पगारावर चालतं. मी फवारणी चालूच ठेवली. शेवटी साहेबांनी पाण्यासाठी खड्डा खणून दिला. पावसाळ्यात तो भरून ओढ्यातच वाहतो.

उन्हाळ्यात फुलं घेणाऱ्या कंपनीचा माणूस तपासणीला आला. भला होता. बायकांना हातमोजे मिळतात का, हेही त्यानं विचारलं. मग मला विचारलं, पंप धुतलेलं पाणी कुठं जातं? साहेब दुसरीकडं बघत होते. मी खड्डा दाखवला. तो अर्धाच भरलेला होता. त्यानं कागदावर खूण केली.

परवा शेजारची काकू धुण्याची पाटी घेऊन दारात थांबली. "अगं, औंदा वढ्यात खेकडं का न्हाईत? एक बी गावंना."

"पाऊस उशिरा आला ना, काकू."

"व्हय, तसंच आसंल," म्हणाली आणि धुणं घेऊन ओढ्याकडंच गेली. मी दारात उभी राहून बघत राहिले, हाक मारली नाही.

हे तुला कुठं धाडणार? पण एक सांगायचं राहिलं. माझ्या पोरीला मी दोन वर्षं ओढ्यात पाय घालू देत नाही. विंचू असतात, म्हणून सांगते. बाकी कुणालाच काही सांगितलेलं नाही.