त्या दिवसाच्या बारा पट्ट्या

६ फेब्रुवारी २००९

ती. ताईस, सा. न.

रोज फोन करून मला पिडणं आज संपलं तुझं. रिपोर्ट सकाळीच तुमच्या डॉक्टरांकडे गेला आणि तो चांगला आहे.

तू विचारलंस म्हणून सोप्या भाषेत सांगते. छातीतून काढलेल्या गाठीचा तुकडा मेणात बसवतात. त्याचा पापुद्र्यासारखा काप काचेच्या पट्टीवर घेऊन मी त्यावर रंग चढवते. एक ठरावीक प्रथिन भरपूर असेल, तर पेशींच्या कडा तपकिरी उठतात. तसली गाठ हातपाय पसरायला उतावीळ असते, तिला वेगळं औषध लागतं. तुझ्या पट्टीवर तपकिरीचा मागमूस नाही. रंग मी स्वतः चढवला, दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आमच्या लॅबच्या मोठ्या डॉक्टरबाईंनी पाहून सही केली.

माझ्या नोकरीला तू ‘काचा विसळणं’ म्हणतेस. तुझ्या चष्म्याच्या दुकानात काचा घासण्यापेक्षा हे काम वरचं आहे, एवढं आता कबूल कर. भावोजींना म्हणावं, रडणं आवरा.

आहे तेवढी माया पुष्कळ झाली, फक्त ती आटू देऊ नकोस.

तुझी,
ठेंगू

१९ फेब्रुवारी २००९

चि. ठेंगूस अनेक आशीर्वाद, आणि आज वर एक जास्तीचा.

तुझा कागद बघून डॉक्टर म्हणाले, इंजेक्शनांची गरज नाही, रोज एक गोळी पुरे. म्हणजे केसही वाचले. तुझे भावोजी हे ऐकून लिफ्टमध्येच रडले. शेजारच्या वकीलबाईंना वाटलं आता माझं काही खरं नाही, त्या माझं सांत्वन मलाच करायला लागल्या.

सोमवारपासून कामावर जातेय. उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, पण काच घासायला तो वर न्यावा लागतच नाही. मालकांनी माझं स्टूल कुणाला दिलं नव्हतं. तुझं काम वरचं, हे कबूल. पुन्हा लिहून देणार नाही.

जीव लावतेस तसाच लावत राहा.

तुझी,
ताई

३ नोव्हेंबर २०१०

चि. ठेंगू हिस, अ. आ. वि. वि.

ताईला लिहवत नाही, म्हणून मी लिहितोय. तिची पाठदुखी आम्ही इतके दिवस त्या स्टुलावर ढकलत होतो. काल कळलं, मणक्यात उतरलंय. यकृतावरही डाग आहेत. डॉक्टर चक्रावलेत. असल्या गाठीने इतक्या लवकर पसरायला नको होतं म्हणतात. जुना तुकडा पुन्हा तपासून हवाय त्यांना. तो तुमच्याकडेच जपून ठेवलेला असेल ना? ताई म्हणते, तूच रंगव. दुसऱ्या कुणावर तिचा विश्वास नाही.

आमच्यावरचा लोभ कमी होऊ देऊ नये.

भावोजी

२१ नोव्हेंबर २०१०

ती. ताईस, सा. न.

फोन तीनदा उचलला आणि ठेवला. समोर बोलायची हिंमत नाही, म्हणून लिहिते.

तुकडा पुन्हा रंगवला. कडा गडद तपकिरी उठल्या. नवा रिपोर्ट गेलाय, वेगळं औषध आता सुरू करतील. ते तुला पावणेदोन वर्षांपूर्वी मिळायला हवं होतं.

चूक गाठीची नाही, माझी आहे. रंगवायच्या प्रत्येक फेरीत आम्ही एक ओळखीची पट्टी ठेवतो. तिच्यात ते प्रथिन आहे हे आधीच ठाऊक असतं. ती गडद उठली तरच बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. त्या दिवशी ती फिकट आली होती. रंग उठवणाऱ्या द्रवाची बाटली रात्रभर फ्रिजबाहेर राहिली होती, हे मला माहीत होतं. सगळं पुन्हा करायचं तर दोन दिवस लागले असते आणि तू रोज विचारत होतीस. पण ते निमित्त झालं. खरं म्हणजे तुझी पट्टी कोरी दिसली आणि त्यानंतर मला दुसरं काही बघायचंच नव्हतं. ओळखीच्या पट्टीपुढे मी ‘ठीक’ लिहिलं. डॉक्टरबाईंनी माझ्या शब्दावर सही केली.

हे अजून कुणालाच सांगितलेलं नाही. तुला आधी सांगायचं होतं.

माया ठेव असं लिहायला तोंड नाही.

ठेंगू

८ डिसेंबर २०१०

ठेंगू,

आशीर्वाद लिहायला हात वळला नाही, म्हणून नुसतं नाव.

पत्र आलं त्या दिवशी मी तुझे जुने फोटो भिंतीवरून काढले. दोन दिवसांनी तुझ्या भावोजींनी परत लावले, मी ते राहू दिले. तुला खूप बोलायचं होतं, पण औषधाने इतकी गळून जाते की भांडायलाही ताकद पुरत नाही.

एकच विचारते. त्या फेरीत मी एकटीच होते का? चार वर्षांपूर्वी आमचं घासायचं यंत्र पाव नंबराने चुकत होतं. मी एका गिऱ्हाइकाची काच बदलून गप्प बसले नाही, त्या दिवसाची सगळी माणसं परत बोलावली. मालक कितीतरी दिवस माझ्याशी बोलत नव्हते. तू माझा तुकडा पुन्हा रंगवलास. बाकीचे कुणाचे होते? त्यांना बहीण नाही तुमच्या लॅबमध्ये.

ते करशील तेव्हा लिही. तोवर नको.

ताई

१४ जानेवारी २०११

ती. ताईस, सा. न.

तुझं पत्र आलं त्याच दुपारी मोठ्या डॉक्टरबाईंना सगळं सांगितलं. त्यांनी त्या फेरीची वही मागवली. मला घरी बसवलंय, चौकशी चालू आहे. नोकरी जाईल.

फेरीत तुझ्यासकट बारा जणी होत्या. उरलेल्या अकरांपैकी आठ जणींचे रिपोर्ट बरोबर निघाले. तीन पट्ट्या तपकिरी झाल्या. एक बाई ऑगस्टमध्येच गेली. तिच्या मुलाला फोन मीच केला, मागून घेतलं ते काम. त्याने सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, हे आता मला कशाला सांगताय? दुसरीने घर बदललंय, शोध चालू आहे. तिसरी शाळेत गणित शिकवते. तिची गाठ परत आलीय, पण एकाच जागी. तिला आतापर्यंत भलतंच औषध देत होते. योग्य औषध पुढच्या आठवड्यात सुरू होईल.

या अकरा जणींचा विचार माझ्या मनात एकदाही आला नव्हता. तू विचारलं नसतंस तर आलाही नसता.

तुझी,
ठेंगू

२ फेब्रुवारी २०११

चि. ठेंगूस,

ताई सांगतेय तसं मी, भावोजी, उतरवून घेतोय. एक शब्द बदलायचा नाही अशी तंबी आहे.

औषध मला लागू पडत नाहीय. डॉक्टर महिन्यांचं बोलत होते, आता आठवड्यांचं बोलतात. त्या गणिताच्या बाईंना पहिलं इंजेक्शन मिळालं का, ते कळव. घर बदललेली सापडेपर्यंत शोध सोडू नकोस, नोकरी राहो न राहो.

माफीचं विचारू नकोस. ती माझ्याकडून अजून निघत नाही आणि खोटी मी देणार नाही. पण कूस बदलायला दोन माणसं लागतात आणि तुझ्या भावोजींची कंबर गेलीय. नर्स परकी आहे, तिच्यापुढे मला ओरडता येत नाही.

तू ये.

आशीर्वाद आहेत.

ताई