आर्मांडकाकांची बंदूक आणि माझी तीन मिनिटं

तीर्थरूप लूसियन मामांना,

एमरीचा चिखलाने भरलेल्या बुटांसकट नमस्कार. मामीचा गुडघा आता जिना चढू देतो का? तुमचा खोकला, दुकानातला तो म्हातारा कुत्रा आणि तुमची लोणच्याची बरणी या तिघांची तब्येत बरी असेल अशी आशा करतो. इकडे सगळे ठीक आहेत. बर्फ वितळलंय, रस्ते नाहीसे झालेत, आई माझ्याशी बोलत नाही, म्हणजे सगळं नेहमीसारखंच.

मामा, माझं आयुष्य नेमकं कधी बदललं ते मला सांगता येतं. मंगळवारी, राजधानीत ऑगस्टाला, विधानसभेच्या समितीपुढे माझ्या समोरच्या टेबलावरचा, बोलायची तीन मिनिटं मोजणारा इवलासा दिवा हिरव्याचा पिवळा झाला, पिवळ्याचा लाल झाला आणि माझं वाक्य अर्ध्यात राहिलं. ते वाक्य काय होतं ते पुढे येईलच. (आईने तुम्हाला फोनवर सांगितलं असेल तर ते धरू नका. ती तिथे नव्हती आणि तिला ज्याने सांगितलं तो झोपला होता.)

पण आधी माझी बाजू. मी जानेवारीत वनशास्त्राचं कॉलेज सोडून आलो, त्यावरून घरात बरंच काही बोललं गेलं. माझं झाडांशी भांडण नाही, हे तुम्ही तरी समजून घ्या. मला तिकडे कळलं, की चर्चमधल्या शनिवारच्या जेवणात सेलेस्ट थिबोडोने एका उंच पोराला बीन्सचा दुसरा डाव न मागता वाढला. न मागता, मामा! मी परीक्षेतून उठलो, पेपर बाईंच्या हातात दिला आणि मिळेल ती बस पकडली. तो उंच पोरगा तिचा आतेभाऊ निघाला हे खरं आहे. पण तोपर्यंत बस परत गेली होती.

आता सेलेस्टचे वडील. आर्मांडकाका आपल्या शिकार क्लबाचे अध्यक्ष, हे तुम्हाला ठाऊकच आहे. आपल्याकडे पोरीचा बाप तोंडाने होकार देत नाही, हेही तुम्हाला मी काय सांगावं? तो आपली बंदूक एका मोसमासाठी उसनी देतो, आणि ती खांद्याला लावून पोरगा गावातून एकदा चालत गेला की चर्चमधल्या बायका लग्नाच्या केकबद्दल बोलायला लागतात. (मामीच्या वडिलांनी तुम्हाला दोन मोसम नुसतं बदकं सोलायला लावलं होतं, असं आई सांगते. तुम्हाला माझं दुःख कळेल.) मी थंडीभर आर्मांडकाकांची लाकडं फोडली. त्यांच्याबरोबर गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला बसलो आणि मासे साफ केले. ते माझ्या जुन्या मास्तरांना भेटून आले, फादरना भेटले, मी जिथे बटाटे भरायला जायचो त्या शेतकऱ्यालाही भेटले. माझ्या गाडीत डोकं घालून त्यांनी रिकाम्या बाटल्या शोधल्या. सगळं झाल्यावर म्हणाले, "बघू. मे महिन्यात रानटर्कीचा मोसम येतोय. तोंड बंद ठेवून झाडाखाली बसता येतं का तुला?" मी म्हणालो, येतं. सेलेस्ट स्वयंपाकघरातून म्हणाली, "बाबा, याला चर्चमध्ये पण नाही येत."

अशा सगळ्या जमत आलेल्या गोष्टीत ते विधेयक आलं. तुमच्या बंदुकांच्या दुकानाच्या काचेवर 'हे विधेयक पाडा' असा हातभर फलक लागलाय, तो मी येता-जाता बघतो आणि माझी छाती भरून येते. दुकानात गिऱ्हाईकाची पार्श्वभूमी, म्हणजे गुन्हे आणि कोर्टाची बंदी, तपासतात ते वेगळं, पण आता म्हणे कुणी कुणाला खाजगीत बंदूक विकली, दिली किंवा नुसती उसनी दिली तरी दोघांनी परवानेवाल्या दुकानात जाऊन आधी तपासणी करून घ्यायची. फक्त घरच्यांना सूट. माझं तर डोकंच फिरलं. सासरा आणि जावई यांच्यामध्ये सरकार! मी क्लबच्या सभेत बाकावर उभा राहिलो, म्हणालो की मी ऑगस्टाला जाऊन बोलणार, आणि बाक मोडला. आर्मांडकाकांनी पहिल्यांदा माझ्या पाठीवर थाप मारली.

क्लबने ठरवलं, की सगळ्यांनी शिकारीचं नारिंगी जाकीट घालून यायचं, म्हणजे सभागृहात आपली संख्या डोळ्यात भरेल. मंगळवारी मी माझ्या खटाऱ्यातून निघालो. वाटेत तो दोनदा बंद पडला, त्यामुळे उशीर झाला. धावत आत गेलो तर काय, दालन नारिंगीने फुललेलं! मला रडूच फुटायचं बाकी राहिलं. एवढी माणसं! मी दिसेल त्या रांगेत घुसलो. शेजारच्या पांढऱ्या केसांच्या बाईंनी सरकून जागा दिली आणि पिशवीतून केळ्याच्या ब्रेडचा तुकडा काढून हातावर ठेवला. मी म्हणालो, "आज या विधेयकाचं थडगंच बांधायचं, आजी."

आजी चघळता चघळता थांबल्या. "कुठल्या क्लबाचा रे तू?"

मी अभिमानाने सांगितलं. त्यांनी पलीकडे बोट दाखवलं. भिंतीकडच्या रांगांत आर्मांडकाका आणि आपली सगळी मंडळी, नारिंगीच, माझ्याकडे अशी बघत होती की जणू मी चर्चमध्ये टोपी घालून आलोय. आजी म्हणाल्या, "आम्ही विधेयकाच्या बाजूचे. रंग आमचापण हाच."

"पण हा शिकाऱ्यांचा रंग आहे!"

"मग? तुम्ही तो कशाला घालता?"

"कुणी चुकून गोळी घालू नये म्हणून."

"आम्हीपण त्यासाठीच," आजी म्हणाल्या. "खा. ब्रेड परत घेत नाही मी."

(ब्रेड उत्तम होता. अक्रोड घातले होते. मामीला सांगा.)

मी उठणार तेवढ्यात त्या रांगेच्या टोकाला मला सेलेस्ट दिसली. नारिंगी स्कार्फ. मला वाटलं, तीपण माझ्यासारखीच चुकून बसलीय, म्हणून मी खुणा करून तिला भिंतीकडे बोलवायला लागलो. तिने मान हलवली. मग समितीच्या अध्यक्षबाईंनी तिचं नाव पुकारलं, बाजूने बोलणार म्हणून, आणि मी आपल्या मंडळींकडे पाहिलं. आर्मांडकाकांना माहीत नव्हतं, मामा. त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं की त्यांना माहीत नव्हतं.

ती काही ओरडून बोलली नाही. तिने नोएलाबद्दल सांगितलं, तिच्या थोरल्या बहिणीबद्दल. नोएलाच्या नवऱ्याने, रॉडनीनेपण, याच बाबांकडे मासे साफ केले होते, लाकडं फोडली होती. बाबांनी बंदूक दिली आणि सगळं गाव खूश झालं. पुढे तो बदलला, कोर्टाने त्याच्या बंदुका काढून घेतल्या. तर तो एका शेजाऱ्याकडे गेला, कोल्ह्यासाठी हवी म्हणाला, आणि कॉफी थंड व्हायच्या आत एक बंदूक घेऊन बाहेर पडला. शेजारी भला माणूस. त्याला कोण सांगणार? "बहीण तेव्हा आमच्याकडे परत आली होती. त्या दुपारी ती घरात नव्हती," सेलेस्ट म्हणाली, "म्हणून त्याने आमच्या लाकडी ओट्यावरच्या कपडे धुवायच्या यंत्रावर गोळ्या झाडल्या. ते यंत्र अजून तिथेच आहे. बाबा टाकू देत नाहीत. नोएला या गावात येत नाही." दिवा लाल व्हायच्या आधीच तिचं संपलं होतं.

आर्मांडकाका आपल्या बुटांकडे बघत होते. ते यंत्र मी थंडीभर बघत होतो, मामा. त्यावर लाकडं रचत होतो. मला वाटायचं, भोकं गंजाची आहेत.

आणि पुढचं नाव माझं. विरोधात.

माझ्या खिशात कडक भाषण होतं. त्यात 'स्वातंत्र्य' हा शब्द इतका ठासून भरला होता की खिसा फुगला होता. ते काढलं तर त्याला ब्रेडचं लोणी लागून सगळे शब्द एकमेकांत मिसळलेले. मला फक्त आर्मांडकाकांचं खाली गेलेलं डोकं दिसत होतं, आणि वाटलं, या माणसाची कुणीतरी बाजू घेतली पाहिजे. म्हणून मी मनातलंच बोललो. म्हणालो, आमच्या गावात असल्या कायद्याची गरज नाही, कारण आमच्याकडे बंदूक कुणी अशीतशी देत नाही! आर्मांडकाकांनी माझ्या मास्तरांना विचारलं, फादरना विचारलं, बटाटेवाल्याला विचारलं, माझ्या गाडीतल्या बाटल्या मोजल्या, मी रागावल्यावर काय करतो ते बघायला मी धरलेला मासा मुद्दाम तळ्यात परत सोडला, आणि तरीसुद्धा अजून दिलेली नाही!

अध्यक्षबाईंनी चष्मा काढला. "म्हणजे तुमची पार्श्वभूमी तपासली."

"कसून!" मी टेबलावर मूठ आपटली.

आधी ब्रेडवाल्या आजी हसल्या. मग त्यांची रांग हसली, आणि मग (हे मी कधी विसरणार नाही) आपली भिंतीकडची रांगसुद्धा. समितीतले एक गृहस्थ म्हणाले, "आणि पास झालात का?" मी म्हणालो, अजून निकाल लागायचाय. माझे कान तापले, दिवा पिवळा झाला, आणि तापलेल्या डोक्याने मी शेवटचा मुद्दा काढला, जो मला रात्रीपासून फार बिनतोड वाटत होता: "शिवाय तुमच्याच विधेयकात घरच्यांना सूट आहे! मग मला तपासणीची गरजच काय? मी उद्या सेलेस्टशी लग्न केलं की—"

दिवा लाल. ध्वनिक्षेपक बंद.

मामा, हे राज्याच्या दफ्तरात गेलंय. माझं नाव, गाव आणि 'मी उद्या सेलेस्टशी लग्न केलं की'. पुढे काही नाही.

माझी गाडी सुरूच झाली नाही, म्हणून परतताना आम्ही तिघं आर्मांडकाकांच्या ट्रकमध्ये, एका बाकावर. मध्ये सेलेस्ट. बँगर शहर मागे पडेपर्यंत आर्मांडकाका रस्त्याकडे बघत होते आणि सेलेस्ट स्कार्फचे धागे ओढत होती. मी एकदा "आज ऊन छान आहे" म्हणालो, तर दोघांनी एकदम माझ्याकडे पाहिलं. पोर्टेज ब्रुकच्या अलीकडे नेहमीच्या जागी ट्रक चिखलात रुतला. मी उतरलो, मागून रेटा दिला, चाकाने कपाळापासून बुटापर्यंत मला रंगवलं आणि मग ट्रक एकदम सुटला तसा मी तोंडावर पडलो. उठलो, तर आर्मांडकाका खाली उतरलेले. त्यांनी स्वतःच्या रुमालाने माझे डोळे पुसले. मग म्हणाले, "रॉडनीला मीच पास केलं होतं."

मी गप्प राहिलो. (खरंच. सेलेस्ट साक्षीदार आहे.)

"मासे तुझ्यापेक्षा चांगले साफ करायचा तो," ते म्हणाले. "मास्तर, फादर, सगळे चांगलंच बोलले. तेव्हा ते खरंही होतं. माझी परीक्षा एकदाच होते ना, पोरा. नंतर काय झालं ते मला कोण सांगणार?"

सेलेस्ट खिडकीतून म्हणाली, "बाबा, तेच मी सांगत होते."

"तू ते मला घरी सांगायचंस. सगळ्या राज्याला नाही."

"घरी तुम्ही रेडिओ मोठा करता."

त्यावर ते हसले की खोकले ते चिखलामुळे मला दिसलं नाही. पण ट्रकमध्ये बसल्यावर म्हणाले, "विधेयकाला माझा विरोध आहे. उद्याही राहील. सरकारने मला शिकवायची गरज नाही." मग बऱ्याच वेळाने, "पण मला स्वतःला वाटलं, तर मी काय वाटेल ते करीन. तो माझा हक्क आहे." आणि घराच्या वळणावर, "ते यंत्र उद्या भंगारात टाकायला मदत कर." सेलेस्टने माझा चिखलाचा हात धरला आणि धरूनच ठेवला.

यंत्र गेलं, मामा. त्या जागी ओट्यावर आता एक चौकोन उरलाय, लाकडाच्या मूळ रंगाचा. नोएलाला सेलेस्टने फोन केला. ती पुढच्या शनिवारच्या जेवणाला येते म्हणाली. नक्की नाही म्हणाली, पण बीन्स कोणते असणार ते विचारलं.

समितीचं मत अजून ठरायचंय. क्लबचा विरोध कायम आहे, माझाही आहे, असं समजा. मामीला नमस्कार, कुत्र्याला थोपटणं.

तुमचा भाचा,
एमरी

ता. क. – तुमच्या दुकानाला मागचं दार आहे ना? आणि रविवारी सकाळी सगळा क्लब चर्चमध्ये असतो ना? आर्मांडकाका बंदूक उसनी देतायत, पण आधी माझी तपासणी तुमच्याकडून करून घेणार म्हणतात. विधेयक नसताना! स्वखुशीने! तुम्ही गिऱ्हाइकांची करता तीच. फक्त कुणाला कळता कामा नये. काचेवरचा फलक राहू द्या, त्याने संशय येणार नाही. आर्मांडकाकांनी मुद्दाम सांगितलंय, फलक चांगला आहे.

ता. क. २ – त्या अर्ध्या वाक्याला सेलेस्टने उत्तर दिलंय. सप्टेंबरात कॉलेजात परत जायचं, ती परीक्षा पुरी द्यायची, मग वाक्य पुरं करायचं. मी जातोय. आईला तुम्ही सांगा, तुमच्या तोंडून तिला खरं वाटेल.

ता. क. ३ – आज रविवार, टपाल नाही, म्हणून हे पत्र मी हातानेच आणतोय. तुम्ही इथवर वाचेपर्यंत आम्ही तिघं तुमच्या मागच्या दाराशी उभे असू. आर्मांडकाकांनी दुसऱ्यांदा भोंगा वाजवला. सेलेस्ट मध्ये सरकून बसलीय, आणि माझ्यासाठी कडेची जागा आहे. निघतो. नारिंगी जाकीट आज खुंटीलाच राहू देतो, आणि दार ओढून घेतो.