काळी गोटी आणि मिलिसेंटचे दोन मुलगे

मी, डार्नली कथबर्ट गिटन्स, वय एकोणऐंशी, धंदा सुतारकी, राहणार सेंट जॉर्ज, बार्बाडोस, पूर्ण शुद्धीत, कोणाच्या दाबाखाली न येता आणि सकाळपासून रमचा थेंबही न घेता हे मृत्युपत्र लिहून ठेवत आहे. गुडघे गेले, दात गेले, पण डोके ठिकाणावर आहे, असे डॉक्टरांनी लिहून दिले आहे. माझी मुलगी मार्वा हिला ते पटलेले नाही, पण तिचे मत कायद्यात धरत नाहीत.

याआधी मार्च महिन्यात मी एक मृत्युपत्र केले होते. ते रद्द समजावे. का रद्द केले ते कलम चारमध्ये आहे. ज्यांना फक्त घर कोणाला मिळाले एवढेच पाहायचे आहे त्यांनी थेट तिकडे जावे. तसेही ते जातीलच.

माझ्या वकील मिस यिअरवुड यांनी मसुदा वाचून चष्मा काढला आणि म्हणाल्या, "मिस्टर गिटन्स, यातलं निम्मं कायद्याला लागत नाही."

मी म्हणालो, "मला लागतं. कायद्याला लागेल तेवढं त्याला घेऊ द्या."

कलम एक. माझे रंधे, करवती, पटाश्या, हातोड्या आणि धार लावायचा दगड हे सर्व मार्वाला मिळावे. ती शाळेत भूगोल शिकवते, पण दाराची बिजागरी तिच्याइतकी सरळ कोणी बसवत नाही. जावई डेनिस यांनी या हत्यारांना हात लावू नये. त्यांनी माझ्या सर्वांत चांगल्या पटाशीने रंगाचा डबा उघडला होता. माणूस म्हणून ते चांगले आहेत.

कलम दोन. माझा क्रिकेटचा ऐवज, म्हणजे एक फाटका स्वेटर, दोन चेंडू आणि जॉर्ज हेडली यांचे वर्तमानपत्रातून कापून चौकट केलेले छायाचित्र, आमच्या गावच्या संघाला द्यावा. छायाचित्र भिंतीवर लावावे. डार्ट खेळायच्या फळीजवळ लावू नये.

हे छायाचित्र मी का जपले ते सांगतो. १९४८ च्या जानेवारीत हेडली आमच्या ब्रिजटाऊनच्या मैदानावर वेस्ट इंडीजचे कप्तान म्हणून उतरले. तोवर गोलंदाज काळा चालत होता, फलंदाज काळा चालत होता, पण नाणेफेकीला मात्र गोराच लागे. जणू काळ्या हातातून नाणे वर जाऊन खालीच येणार नाही. मी आणि माझा धाकटा भाऊ ऑब्रे मैदानाबाहेरच्या झाडावर बसलो होतो. काळा माणूस पुढे आणि गोरे त्याच्या मागे, असे आम्ही जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. आम्ही टाळ्या वाजवायला हात सोडले आणि ऑब्रे झाडावरून पडला. हेडलींना कप्तानी त्या एकाच सामन्यात मिळाली. पुढे १९६० मध्ये आमच्याच बेटावरचे फ्रँक वॉरेल कायमचे कप्तान झाले, तेव्हा ते ऑस्ट्रेलियाला निघाले आणि इकडे आमच्या गावातल्या म्हाताऱ्या त्यांच्यासाठी प्रार्थना करू लागल्या. मुलगा परदेशी परीक्षेला बसला आहे आणि नापास झाला तर आपण सगळे नापास, असा तो धाक होता.

आता एक अट. आमची ती जुनी माणसे नाचत-गात, विचार न करता, नुसत्या रक्तातल्या गुणावर खेळायची, असे जो कोणी त्या छायाचित्रासमोर बोलेल त्याला संघाच्या खोलीतून बाहेर काढावे. मी चाळीस वर्षे जलद गोलंदाजी केली. एकदाही नाचलो नाही. फलंदाजाचा पुढचा पाय किती सरकतो हे पाहून, तीन षटके वाट पाहून, मग यॉर्कर टाकायचो. गोऱ्याने हेच केले की त्याला डोके म्हणतात आणि आम्ही केले की रक्त म्हणतात. आणि डोक्याचे म्हणाल तर परवा एप्रिलमध्ये वर्ल्ड कपची फायनल आमच्या बेटावर झाली, ती साहेब लोकांनी पार अंधारात संपवली. आमच्या गावच्या कुरणावर खेळताना चेंडू दिसेनासा झाला की आम्ही रम प्यायला जायचो.

कलम तीन. पेटीबद्दल. हे कलम लांब आहे. मिस यिअरवुड यांनी हवे तर चहा मागवावा.

माझ्या तरुणपणी इथले क्लब चहासारखे होते. दूध किती, त्यावर कप ठरे. मळेवाल्या गोऱ्यांचा एक, दुकानवाल्या गोऱ्यांचा दुसरा, मग वकील, मास्तर, डॉक्टर अशा दुधाळ रंगाच्या लोकांचा बेलफील्ड क्लब, आणि उरलेला कोरा चहा कुरणावर. बेटाच्या संघात जायचे तर मोठ्या क्लबात असावे लागे. आता आमच्या घरची गोष्ट अशी की आईबाप तेच, पण मी आईवर गेलो, म्हणजे कोळशाला सावली पडावी तसा, आणि ऑब्रे बापाच्या आजोबावर गेला. तो आजोबा मळ्यावर हिशेब लिहिणारा स्कॉटिश माणूस होता आणि जाताना फक्त रंग ठेवून गेला. तो रंग ऑब्रेला मिळाला. त्यावर ऑब्रेला बँकेत नोकरी लागली, आणि बँकेवरून बेलफील्ड क्लब.

१९५५ मध्ये बेलफील्डचा जलद गोलंदाज इंग्लंडला गेला आणि त्यांना माझी आठवण झाली. तसे मी तिथे सुतारकाम करतच होतो. सभासद निवडायची त्यांची रीत अशी की समितीतल्या प्रत्येकाने एका पेटीत हात घालून गोटी टाकायची. होकाराला पांढरी, नकाराला काळी. एक काळी निघाली की संपले. जुनी पेटी वाळवीने खाल्ली होती, म्हणून नवी पेटी मीच केली. मेहॉगनीची, बाजूंना पितळी कड्या, आणि आतून हिरवे जाड कापड, म्हणजे गोटी कोणत्या खणात पडली याचा आवाजही येऊ नये. कोणी काय टाकले हे देवालाही कळू नये अशी चोख पेटी मी करून दिली. तीत पडलेली पहिली काळी गोटी माझ्या नावाची होती.

समितीत सात जण होते, त्यातला एक ऑब्रे. उरलेल्या सहांत माझा संशय हेडमास्तर हस्बंड्स यांच्यावर, कारण ते नाकातून बोलत. पुढे त्यांनी घराला नवे दार करून घेतले, ते मी असे बसवले की पाऊस आला की फुगावे. त्यांच्या मयतीला मी गेलो नाही. मार्चच्या मृत्युपत्रात त्यांच्यावर दीड पान होते. ते मागे घेतले आहे. मात्र त्यांनी पंच असताना माझी दोन सरळसरळ पायचीतची अपिले फेटाळली होती, तो राग कायम आहे. त्यांच्या मुलीने घराला नवे दार बसवून घ्यावे, खर्च माझ्या बचतीतून व्हावा.

कलम चार. माझे राहते लाकडी घर, त्याखालची जमीन आणि मागचे ब्रेडफ्रूटचे झाड. हे घर आमच्या आईचे, मिलिसेंट गिटन्स हिचे. तिच्या काळी दोनच खोल्या होत्या, बाकी मी वाढवले. मार्वाला तिचे घर आहे. ऑब्रेची बायको गेली, मुलगा टोरंटोला आहे आणि तो स्वतः ब्रिजटाऊनला भाड्याच्या खोलीत खिडकीशी बसलेला असतो. म्हणून मार्चमध्ये मी लिहिले होते की घर ऑब्रेला, कारण त्या दिवशी सातांपैकी माझ्या नावाची पांढरी गोटी नक्की टाकणारा तो एकच. मार्वाने त्याची प्रत त्याला दिली.

पुढच्या शनिवारी दुपारी ऑब्रे पुडिंग आणि सूसचा, म्हणजे रताळे आणि लिंबात मुरवलेल्या डुकराच्या मटणाचा, पुडा घेऊन आला. टोपी न काढता व्हरांड्यात बसला.

"डार्नली, ते घराचं कलम खोड."

"का? न्हाणीघरात नव्या फरश्या बसवल्यात. पाहून तरी घे."

"त्यात गोटीचं लिहिलंयस."

"मग? खरं तेच लिहिलंय."

"ते खरं नाही, म्हणून तर खोड म्हणतोय."

मला लाकडातली गाठ लगेच दिसते, माणसातली उशिरा.

"काळी टाकणारा हस्बंड्स नव्हता?"

"हस्बंड्सनं पांढरी टाकली. बाहेर येऊन शिव्या घालत होता, की असा यॉर्कर टाकणारा बेटावर दुसरा नाही आणि कोणत्या गाढवानं घात केला."

"आणि ते गाढव शेजारीच उभं होतं."

"हो."

"आवाज आला नाही, ना?"

"नाही. पेटी छान केली होतीस."

मी का म्हणून विचारले. तो म्हणाला, "क्लबाचं वार्षिक जेवण जवळ आलं होतं. बँकेचा मॅनेजर बायकोला घेऊन येणार होता. तू सभासद झाला असतास तर आईला घेऊन आला असतास."

"आलोच असतो. तिनं नवा झगा शिवला असता."

"मी बँकेत सांगून ठेवलं होतं की माझी आई मी लहान असतानाच गेली."

"ती आत मक्याच्या पिठाचं कूकू ढवळत होती, ऑब्रे. रोज तुझ्या शर्टाला इस्त्री करत होती."

"तिला माहीत होतं." तो खालचा ओठ चावत होता. आईही तसाच चावायची. "एकदा मॅनेजर अचानक घरी आला. दार तिनंच उघडलं. त्यानं विचारलं, साहेब आहेत का. मी मागेच उभा होतो, तोंडातून शब्द निघेना. तर आईच म्हणाली, बोलावते साहेबांना. आणि आत निघून गेली. रात्री मला वाढलं, शेजारी बसली, काही बोलली नाही."

मला राग आला. खूप आला. क्लब गेला, बेटाचा संघ गेला, ते एक वेळ मी गिळले असते. पण आईने स्वतःच्या घरात मोलकरीण व्हावे हे मला गिळता येईना. मी काठी उचलली. समोर सत्त्याहत्तर वर्षांचा म्हातारा टोपी काढून, डोके पुढे करून बसला होता. मी म्हणालो, "पुडा ठेव आणि चालता हो." तो पुडा ठेवून गेला. सूस चांगले होते, पण मला गेले नाही.

मग महिनाभर मी घर दर आठवड्याला वेगळ्याला देत होतो. एकदा चर्चला, एकदा गावच्या संघाला, एकदा शेजारच्या मिसेस स्कीट यांच्या बोकडाला. मार्वा म्हणाली, "डॅडी, काकांना द्यायचं नसेल तर नका देऊ. पण माझ्या नावावर टाकू नका. मला तुमच्या भांडणात राहायला जायचं नाहीये."

शेवटी असे ठरवले. घर ऑब्रेलाच, पण एका अटीवर.

आमच्याकडे माणूस गेला की रेडिओवर सांगतात. कोण गेले, कोणाची आई, कोणाचा भाऊ, कोण कुठे नोकरीला, सगळे नावानिशी, आणि तेवढा वेळ सगळे बेट हातातला घास हातात धरून ऐकते. १९७१ मध्ये आई गेली तेव्हा तो मजकूर द्यायला ऑब्रे गेला होता. रेडिओवर आले, "मिलिसेंट गिटन्स, डार्नली यांच्या मातोश्री." बस. मी रेडिओवाल्यांशी जाऊन भांडलो की माझ्या भावाचे नाव खाल्ले. त्यांनी खाल्ले नव्हते. तर अट अशी की ऑब्रेने आईचे निधन पुन्हा एकदा, पूर्ण, रेडिओवर सांगावे. मगच घराचा ताबा.

मिस यिअरवुड म्हणाल्या, "मिस्टर गिटन्स, मेलेल्या बाईला पुन्हा मारायची अट मी आजवर पाहिलेली नाही."

"तिसऱ्यांदा," मी म्हणालो. "एकदा ती बँकेत मेली आहे."

मसुदा ऑब्रेकडे पाठवला. त्याचा फोन आला.

"डार्नली, यासाठी तू मरेपर्यंत थांबायलाच हवं का?"

"घाई असेल तर थांबू नकोस."

गेल्या रविवारी, दहा जूनला, दुपारच्या बातम्यांनंतर मी आणि मार्वा जेवायला बसलो होतो. रेडिओवरची बाई म्हणाली, "सेंट जॉर्जच्या मिलिसेंट गिटन्स यांचे छत्तीस वर्षांपूर्वी निधन झाले. डार्नली गिटन्स आणि बँकेतून निवृत्त झालेले ऑब्रे गिटन्स यांच्या त्या मातोश्री होत. आधीच्या निवेदनात धाकट्या मुलाचे नाव राहून गेले होते. धाकटा मुलगा आईची क्षमा मागतो."

मार्वाने रेडिओ बंद केला. मी रडलो, हे इथे लिहून ठेवतो, म्हणजे पुढे तिने तिखटमीठ लावून सांगायला नको. तोवर मिसेस स्कीट काळा पोशाख घालून, केक घेऊन दारात हजर झाल्या आणि प्रेतयात्रा किती वाजता म्हणून विचारू लागल्या. फिट्झरॉय बॉइस याने आपले रमचे दुकान तासभर बंद ठेवले आणि मग दुखवट्याची म्हणून सगळ्यांना फुकट पाजली. शुद्धीवर आल्यावर तो माझ्यावर चिडला.

संध्याकाळी ऑब्रे आला. त्या मॅनेजरची बायको अजून बेटावर आहे, नव्वदीची. तिने त्याला फोन केला होता.

"काय म्हणाली?" मी विचारले.

"म्हणाली, मिस्टर गिटन्स, तुमची आई तर तुमच्या लहानपणीच गेली होती ना?"

"तू काय सांगितलंस?"

"सांगितलं, नाही बाईसाहेब. तुमच्या नवऱ्याला दार तिनंच उघडलं होतं."

सबब कलम चारमधली अट पुरी झाली असून ती खोडली आहे. घर ऑब्रेला, विनाअट. तो सोमवारीच सामान घेऊन राहायला आला आहे आणि न्हाणीघरातल्या फरश्या त्याला आवडलेल्या नाहीत.

वरील मजकूर मी वाचून, मार्वाकडून पुन्हा वाचून घेऊन, खाली सही केली आहे. ऑब्रेलाही सही करायची होती, पण ज्याला लाभ होतो त्याला साक्षीदार होता येत नाही, असे मिस यिअरवुड यांनी सांगितले. तो म्हणाला, "साक्षीदार म्हणून नको. नातं म्हणून लिहू द्या." तशी कायद्यात जागा नाही. म्हणून मिस यिअरवुड यांनी कागदाच्या समासात जागा दिली आहे.

(सही) डार्नली कथबर्ट गिटन्स

साक्षीदार:
फिट्झरॉय बॉइस, दुकानदार
युडोरा स्कीट, गृहिणी, बोकडाच्या मालकीण

सेंट जॉर्ज, बार्बाडोस, शनिवार, १६ जून २००७

समासात, वेगळ्या हस्ताक्षरात: ऑब्रे गिटन्स, मिलिसेंटचा धाकटा.